सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवायला शिकताना

पुस्तकांसाठी चित्रे काढणे हा माझा व्यवसाय आहे आणि त्यामुळे गंजिफांचे गोल, हातांनी रंगवलेले पत्ते मला अपरिचित नव्हते. संग्रहालयांत ते काचेमागे पाहिले होते, त्यांची छायाचित्रे जमवली होती, आणि दशावतारांची सुबक लघुचित्रे म्हणून त्यांच्याविषयी मनात आदरही होता. सावंतवाडीच्या राजवाड्यात बसून ते रंगवायला शिकले तेव्हा मात्र लक्षात आले, की पत्ता हे आधी खेळण्याचे साधन असते आणि त्यावरचे चित्र कसे असावे हे पुष्कळ अंशी खेळानेच ठरवलेले असते. जमिनीचा, म्हणजे चित्रामागच्या पार्श्वभूमीचा, रंग, चिन्हांची मांडणी, मागच्या बाजूचा कोरेपणा, या प्रत्येकामागे पत्ता हातात धरून खेळणाऱ्या माणसाची गरज आहे. हे मला वाचून उमगले नव्हते. पत्ता करता करता उमगत गेले.

गावाच्या मधोमध मोती तलाव आहे आणि त्याच्या काठाला, झाडांच्या दाटीत, जांभ्या दगडाची कमानदार तांबूस वास्तू आहे. तोच सावंत-भोसले घराण्याचा राजवाडा. तिसरे खेमसावंत यांच्या १७५५ ते १८०३ या दीर्घ कारकिर्दीत तो उभा राहिला. दरबार हॉलमध्ये वर झुंबरे आहेत, भिंतींवर घराण्यातल्या पूर्वजांची चित्रे आहेत, आणि खाली, जिथे एके काळी मानकऱ्यांच्या बैठकी पडत, तिथे बैठ्या डेस्कांमागे कारागीर रंगकाम करत असतात. बाहेरगावचे लोक हॉल पाहायला येतात आणि कारागिरांच्या खांद्यावरून डोकावून जातात. राजघराण्यांचे खाजगी संग्रह मी इतरत्रही पाहिले आहेत. शस्त्रे, पालख्या, चांदीची भांडी, तैलचित्रे असे सगळे तिथे असते आणि नीट जपलेलेही असते, पण बहुतेक ठिकाणी संग्रहात भर पडणे कधीच थांबलेले असते. सावंतवाडीचा हा संग्रह मला त्या सर्वांहून मोलाचा वाटतो, कारण कपाटात ठेवलेला जुना संच ज्या पद्धतीने घडला ती पद्धत जाणणारे हात त्याच छपराखाली कामाला बसलेले आहेत.

हे आपोआप घडलेले नाही. गंजिफा हा खेळ मूळचा इराणकडचा. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे आणि आपल्याकडचा तो सर्वांत जुना उल्लेख मानला जातो. अकबराच्या दरबारी बारा रंगांचा (रंग म्हणजे इस्पिक-बदामासारखा पत्त्यांचा गट), म्हणजे १४४ पत्त्यांचा संच होता. पुढे आठ रंगांचा, ९६ पत्त्यांचा मोगली संच सर्वत्र रूढ झाला. सावंतवाडीत त्याला चंगकांचन म्हणतात. देशी घडणीत या खेळाला दशावतारांचे रूप मिळाले. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा, असे बारा पत्ते, असा १२० पत्त्यांचा संच तयार झाला. सावंतवाडीत तो तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांबरोबर आला असे सांगितले जाते. धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी खेमसावंत त्यांना बोलावून घेत असत. पत्ते रंगवण्याचे काम इथल्या चितारी घराण्यांकडे गेले. लाकडावरचे लाखकाम आणि रंगकाम त्यांच्या हातात आधीपासून होते आणि चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांमुळे त्यांची ओळख आजही टिकून आहे.

युरोपातून छापील पत्ते स्वस्तात येऊ लागले आणि हाताने रंगवलेल्या गंजिफांचे गिऱ्हाईक सरले. संस्थान १९४८ साली विलीन झाले, १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि त्याच सुमारास शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी करण्याचे काम हाती घेतले. तोपर्यंत गंजिफांचे तंत्र पूर्णपणे जाणणारे पुंडलिक चितारी हे एक वृद्ध कारागीर उरले होते. राजेसाहेब आणि राणीसाहेब त्यांच्यासमोर शिष्य म्हणून बसले, स्वतः कुंचला हातात घेऊन शिकले आणि नंतर त्यांनी गावातल्या तरुण मुलामुलींना शिकवले. उत्पन्न आटत असताना वाड्यातल्या वस्तू विकून टाकणारी घराणी देशात पुष्कळ निघाली. या जोडप्याने दरबार हॉलच कारागिरांसाठी उघडा केला, याचे मोल करावे तेवढे थोडे आहे. आता सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

मला शिकवायला ज्या बाई होत्या त्यांना सगळेच काकी म्हणत, म्हणून मीही काकीच म्हणू लागले. त्यांनी तरुणपणी याच हॉलमध्ये शिक्षण घेतले होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला ब्रश दिलाच नाही. संग्रहातला एक जुना दशावतारी संच पाहायला मिळावा अशी विनंती मी केली होती आणि ती मान्य झाली होती. तो संच आधी डोळे भरून पाहून घे, मग काय करायचे ते ठरवू, एवढेच त्या म्हणाल्या.

सरकत्या झाकणाच्या लाकडी पेटीत ते पत्ते होते. पेटीच्या चारही बाजूंवर चित्रे होती. पत्ते तळहातात मावतील एवढे, थोडेसे बाकदार झालेले, आणि हातात घेतल्यावर वाटले त्याहून बरेच हलके. लाखेला जुन्या मधाचा पिवळा रंग चढला होता. कडेजवळ, जिथे खेळणाऱ्याचा अंगठा टेकत असे, तिथली लाख उडून खालचा रंगही पुसट झाला होता आणि एके ठिकाणी त्याखालचे कापडाचे विणकाम स्पष्ट दिसत होते. पत्ता मुळात कापडाचा आहे, हे त्या झिजलेल्या जागेने मला दाखवले. वेगवेगळ्या रंगांचे पत्ते शेजारी ठेवून पाहिले तर राजा आणि प्रधान यांच्या पत्त्यांची कड जास्त झिजलेली होती. हे सर्वांत वरचे पत्ते हातात घट्ट धरून ठेवण्याची खेळणाऱ्यांची सवय त्या कडांवर उमटली असावी, असे मला वाटते.

पत्त्याची पारंपरिक बैठक अशी तयार होते. चिंचोके भाजून त्यांची साले काढायची, ते भिजवून वाटायचे आणि शिजवून त्यांची दाट खळ करायची. धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती कापडाचे थर या खळीने एकमेकांवर चिकटवायचे. ते वाळले की खडूची वस्त्रगाळ पूड खळीत कालवून तिचे हात दोन्ही बाजूंनी द्यायचे, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. मग गुळगुळीत दगडाने घोटाई करायची. त्यानंतर गोल चकत्या कापायच्या आणि मागच्या बाजूला लाखेचा रंग चढवायचा. सरावासाठी मला पुठ्ठ्याच्या तयार चकत्या मिळाल्या होत्या, पण जुन्या पद्धतीने निदान थोडे पत्ते घडवून पाहण्याचा माझा हट्ट होता आणि काकींनी तो पुरवला.

घोटाईने माझी खरी परीक्षा पाहिली. दगड जोरात दाबला तर खडूचा थर सोलवटतो आणि हलका फिरवला तर पृष्ठभागावर तकाकी येत नाही. नीट घोटलेल्या पृष्ठभागावरून बोट फिरवले की तो थंड आणि निसरडा लागतो, आणि तिरप्या उजेडात धरला तर त्यावर खिडकीची अंधूक चौकट दिसते. ही चौकट दिसेपर्यंत काकी चकती परत करत असत. त्यांचे म्हणणे रास्त होते, कारण घोटाई कच्ची राहिली की ब्रशमधला रंग खडूत शोषला जातो, रेषेची कड फुटते आणि पुढे कितीही कौशल्य ओतले तरी ती कड सांधता येत नाही. सिंधुदुर्गातली हवा दमट असल्यामुळे वाळण्याच्या प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो. मी वारंवार चकतीला बोट लावून बघत असे तेव्हा काकी म्हणत, "घाई करू नको गो बाय, आधी सुकाक व्हया ता."

मागची बाजू सर्व पत्त्यांना एकसारखी, एकाच रंगाची आणि बिनचित्राची असते. तिच्यावर एखादा ठिपका, ब्रशचा केस किंवा गडद-फिका पट्टा राहिला तर तो पत्ता खेळात ओळखू येतो आणि संपूर्ण संच खेळण्यासाठी निकामी होतो. एका संचाच्या सगळ्या पाठी शक्यतो एकाच वेळी कालवलेल्या रंगाने करायच्या, हा नियम त्यामुळेच आहे. चित्रकार म्हणून मी पाठीकडे कधी लक्ष दिले नव्हते. कारागीर मात्र पाठीवरून पारख करतात.

समोरच्या बाजूला सर्वप्रथम जमीन भरतात. प्रत्येक अवताराच्या बाराही पत्त्यांची जमीन एकाच रंगाची असते. याचे कारण हातात पत्ते पंख्यासारखे धरून पाहिल्यावरच समजते. गोल पत्त्याला कोपरा नसतो, म्हणून आपल्या नेहमीच्या पत्त्यांप्रमाणे कोपऱ्यात खूण करता येत नाही. पंखा उघडला की प्रत्येक पत्त्याची केवळ एक चंद्रकोर दिसते आणि तेवढ्या पट्टीवरून हा मत्स्याचा की परशुरामाचा हे क्षणात कळावे लागते. म्हणून जमिनीचे दहा रंग एकमेकांपासून स्पष्ट वेगळे ठेवलेले असतात आणि दिव्याच्या उजेडातही ते वेगळे दिसले पाहिजेत. आज कारागीर पोस्टर कलर वापरतात, पूर्वी दगडमातीचे रंग असत. परंतु दोन रंगांत किती अंतर ठेवायचे याचे गणित तेच आहे. माझ्या नेहमीच्या कामात मी एकमेकांत मिसळणाऱ्या छटा वापरते. इथे त्या छटांना जागा नव्हती.

जमीन वाळली की कडेची गोल रेघ येते. मोकळ्या हाताने बारीक ब्रशने पूर्ण वर्तुळ काढणे मला अशक्यप्राय वाटत होते. काकींनी माझे मनगट डेस्कवर टेकवले, ब्रश स्थिर धरायला लावला आणि डाव्या हातात चकती दिली. "हात नको, पान फिरय गो." चकती डाव्या हाताच्या बोटांवर सावकाश फिरते आणि स्थिर ब्रशखालून रेघ आपसूक उमटत जाते. अनुभवी कारागीर ही रेघ श्वास न रोखता, शेजारणीशी बोलता बोलता काढतात.

त्यानंतर चिन्हे. मी पाहिलेल्या संचात मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वराहाला शंख, नरसिंहाला चक्र, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला बाण, कृष्णाला गाय, बुद्धाला कमळ आणि कल्कीला तलवार अशी चिन्हे होती. एक्क्यापासून दश्शापर्यंत तेवढ्या संख्येने हे चिन्ह काढायचे असते. मला कूर्माचे पत्ते दिले गेले. एक कासव काढणे सोपे आहे आणि चार कासवेही बसतात, पण सात, आठ, नऊ ही संख्या आली की मांडणीचा कस लागतो, कारण पाहणाऱ्याला मोजत बसावे लागता कामा नये. सात म्हणजे मधे एक आणि भोवती सहा, हे डोळा एकदम टिपतो. नऊ आणि दहा यांच्या मांडण्या मुद्दाम इतक्या निराळ्या ठेवतात, की चुकूनही एकाच्या जागी दुसरा वाटू नये. मी कासवे नागमोडी ओळीत मांडून चित्राला गती देण्याचा विचार मांडला, तेव्हा काकी हसल्या आणि म्हणाल्या, "कासवां मोजूची लागली तर ता पान फुकट गेला." त्या एका वाक्यात मला चित्रकलेच्या वर्गात न मिळालेला धडा मिळाला.

कासव काढण्याचा क्रमही ठरलेला असतो. आधी पाठीचा सपाट ठिपका, सर्व कासवांचा एकदम. मग सगळ्यांची डोकी, मग सगळ्यांचे पाय, आणि सर्वांत शेवटी कवचावरच्या गडद रेषा व पांढरे बिंदू. एक कासव पूर्ण करून दुसऱ्याला हात घालायचा नाही. यामुळे दहाही कासवे एका वजनाची येतात आणि हाताला लय सापडते.

राजा आणि प्रधान या पत्त्यांपर्यंत पोचायला शिकाऊ माणसाला बराच काळ लागतो. राजाच्या पत्त्यावर तो अवतार आसनस्थ असतो आणि प्रधान घोड्यावर असतो. सावंतवाडीच्या शैलीत चेहरे एका बाजूने दिसणारे, डोळे मोठे, रेषा ठसठशीत आणि बारकावा मोजका असतो. हस्तिदंत, कासवाची पाठ किंवा शिंपला यांवर केलेल्या दरबारी कलमाच्या, म्हणजे शैलीच्या, गंजिफांत जी नाजूक नक्षी असते ती इथे शोधू नये. मला स्वतःला हा ठसठशीतपणाच अधिक भावला. तो कोकणातल्या दशावतारी नाटकांचा सख्खा भाऊ आहे. नाटकाच्या आरंभी शंकासुराचा वध करायला विष्णू येतो. तो प्रवेश पाहत लहानाचे मोठे झालेले कारागीर मत्स्यावतार रंगवताना पुस्तकातले चित्र समोर ठेवत नाहीत. कुणाच्या हातात काय, मुकुट केवढा, बसण्याचा डौल कसा, हे त्यांना लहानपणापासून पाठ असते. नवव्या अवताराच्या पत्त्यावरचा बुद्ध पाहून मला आपल्या जुन्या पंचांगांतले दशावतार आठवले. तिथे बुद्धाच्या जागी विठ्ठल उभा असतो.

रंगकाम संपल्यावर वरून पारदर्शक थर देतात. लाखेचा तो थर चढताच खडूमुळे फिकट दिसणारे रंग एकदम खुलतात आणि पत्ते एकमेकांवरून सरकू लागतात. हे सरकणे आवश्यक असते, कारण गोल पत्ते आपल्या पत्त्यांसारखे पिसता येत नाहीत. ते चादरीवर पसरून दोन्ही तळहातांनी कालवावे लागतात आणि थर खडबडीत राहिला तर रंगावर ओरखडे उठतात.

शिकणे संपण्याआधी खेळून पाहायचे, असे काकींनी सुरुवातीलाच सांगितले होते. आम्ही तिघीजणी बसलो. प्रत्येकीला चाळीस पत्ते आले. एवढे पत्ते हातात धरणे हेच एक कसब आहे आणि आधी ते रंगांप्रमाणे लावून घ्यावे लागतात. तेव्हा जमिनीच्या रंगांचे महत्त्व मला शब्दशः हातात आले. दिवसा ज्याच्याकडे राम, म्हणजे रामाच्या रंगातला राजा, असेल त्याने खेळ सुरू करायचा आणि सूर्यास्तानंतर ज्याच्याकडे कृष्ण असेल त्याने. आम्ही दुपारी बसलो, म्हणून राम आला. प्रत्येक रंगात राजा सर्वांत वरचा आणि त्याखालोखाल प्रधान. पण पुढची उतरंड सगळ्या रंगांत सारखी नसते. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. तुरूप असा प्रकार नाही. कुठल्या रंगातले कोणते पत्ते पडून गेले आणि आता त्या रंगात सर्वांत वरचा कोणता, हे सतत लक्षात ठेवावे लागते, म्हणून हा खेळ खरा स्मरणशक्तीचा आहे. खेळता खेळता काकी पडलेल्या पत्त्याकडे नजरही न टाकता "नरसिंहाचो प्रधान गेलो" असे सांगत होत्या.

राजघराण्याने अलीकडे राजवाड्याच्या आवारातल्या एका वाड्यात पाहुण्यांसाठी खोल्या केल्या आहेत आणि त्यांची सजावटही दशावतारांवर बेतलेली आहे. त्यातून येणारे पाहुणे हॉलमध्ये येतात, कारागिरांशी बोलतात, काही जण पत्ते विकत घेतात. दशावताराखेरीज नवग्रहांच्या १०८ पत्त्यांचे आणि राशींच्या १४४ पत्त्यांचे संचही इथे होतात. पूर्ण संच घडायला फार श्रम लागतात आणि किंमत त्या श्रमांना साजेशी असते. म्हणून बरेच जण दोन-चार सुटे पत्ते चौकटीत बसवून घरी नेतात. त्यात काही गैर नाही, कारण त्या पैशांतून कारागिरांचे घर चालते. तरीही माझी कळकळीची विनंती आहे, की ज्यांना शक्य आहे त्यांनी पूर्ण संच घ्यावा आणि खेळावा. घेताना पुढचे चित्र पाहण्याआधी पत्ते उलटे करून पाठी पाहाव्यात. दहा-बारा पत्ते पंख्यासारखे धरून नुसत्या कडांवरून रंग ओळखता येतात का ते पाहावे. नऊ आणि दहा शेजारी ठेवावेत. आणि ज्यांना शिकायचे असेल त्यांनी पावसाळा टाळून, शक्यतो दिवाळीनंतर जावे, कारण आषाढ-श्रावणात तिथे खडूचा एक हात वाळायलाही फार वाट पाहावी लागते.